गिरणीच्या विजेवरचा फोटो

त्या दिवशी गिरणीसमोर गाडी उभी राहिली. गाडीत छातीचा फोटो काढायचं यंत्र होतं. गिरणीची वीज गाडीला जोडली. दुपारी माझ्या बायकोचा फोटो निघाला.

बायको या उन्हाळ्यात गेली. घरात बोलायला कोणी नसलं की आठवतं ते मी क्रमाने लावत बसतो. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे ती सवयच आहे. पण तिच्याबद्दल क्रम लावायला बसलो की सुरुवात दर वेळी त्या गाडीपासून होते. आमचं लग्न त्याआधीचं, मुलीचा जन्मही त्याआधीचा, तरी गाडीच पहिली येते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. तो भाग आज जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. पिंपळगाव रेणुकाईचा बाजार हाच आमचा बाजार. माझं मूळ गाव परतूरकडचं, तिचं माहेर टेंभुर्णी. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती, तिथे आम्ही दोन खोल्यांत राहायचो. एका खोलीत माझी पुस्तकं आणि एक खुर्ची होती. दुसरीत चूल, भांडी, पाळण्याची झोळी आणि बाकीचा सगळा संसार.

"पुस्तकाला येगळी खोली, अन् मला धूर," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग मी खुर्ची उचलून चुलीपाशी आणून बसलो की म्हणायची, "आता हितं कशाला? मला पाय ठेवायला जागा न्हाई."

मुलीचं अंगावरचं दूध सुटलं त्या पावसाळ्यात बायकोला खोकला लागला. आधी आम्ही धुराचा समजलो, मग थंडीचा. दिवाळीनंतर संध्याकाळी अंग तापायला लागलं आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. भोकरदनच्या दवाखान्यात थुंकी तपासली. त्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही, जालन्याला जा नाहीतर औरंगाबादला.

ती जायला तयार नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीला असाच खोकला होता. तिला फोटो काढायला औरंगाबादला नेलं, दवाखान्यात ठेवून घेतलं आणि ती तिथेच गेली. आजार आधीच फार पुढे गेलेला होता, फोटोचा त्यात काही दोष नव्हता. हे मी तिला अनेकदा समजावून सांगितलं. पुस्तकात वाचलेलंही सांगितलं, की आता या रोगावर औषध आहे, माणूस बरा होतो. ती ऐकून घ्यायची. "तुमचं बराबर हाय," म्हणायची आणि भाकरी थापायला घ्यायची. जायचा दिवस ठरवला की तिला काहीतरी काम निघायचं.

एकदाच तिने सरळ सांगितलं. "बहीन फोटोला गेल्ती. आली न्हाई. मला घरातून जायचं न्हाई."

लेकरापासून लांब राहा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची आई टेंभुर्णीहून आली आणि मुलीला घेऊन गेली. जाताना मुलगी हसत होती, तिला बैलगाडीत बसायला मिळालं होतं. बायकोने झोळी सोडली नाही. ती आढ्याला तशीच लटकत राहिली. झाडताना ती झोळी एका हाताने बाजूला धरायची आणि खालचं झाडून झालं की परत जागेवर सोडायची.

आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं. तिने मला तशी शपथच घातली होती. टीबीचं घर म्हटलं की लोक अंगणातून परत फिरायचे. मी शिक्षक, लोकांची मुलं दिवसभर माझ्यासमोर बसायची. वस्तीतल्या बाया तिच्या हातचं पाणी प्यायच्या. हे सगळं जाईल असं तिला वाटायचं. खोकला आला की ती परसात जायची.

अशात कोतवालाने दवंडी दिली की फोटोची गाडी येणार, गावात सगळ्यांच्या छातीचे फोटो काढणार, खोकला असो नसो. संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "सगळ्या गावाचा काढून राह्यले, त्यात माझा एक निघंल. कोनाला काय कळतंय." मी पुस्तकातून मान वर केली नाही. केली असती तर तिने शब्द फिरवला असता.

गाडी आली तो गिरणीचा दळणाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी पिंपळगावचा बाजार, म्हणून आदल्या दिवशी सगळं गाव दळण काढायचं. गिरणी वेशीजवळ होती. चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. नवरा वारल्यावर त्यांनी पट्टा, जातं, मोटार सगळं स्वतःच्या हातात घेतलं होतं. त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या. गिरणीत डब्यांची रांग लागायची. डबा ठेवला की नंबर लागला, माणसाने थांबायची गरज नव्हती. आमच्या वस्तीचे डबे मात्र त्या रांगेत नसत. ते दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीलगत वेगळे ठेवायचे. मावशी बोटाने दाखवायच्या, "तिकडं." त्यांच्या आवाजात राग नसायचा. ती तिथली रीत होती.

गाडीला स्वतःचा जनरेटर होता, पण तो वाटेत बंद पडला होता. गाडीत तिघे होते: डॉक्टर, फोटो काढणारे एक चष्मेवाले गृहस्थ आणि जालन्याचा ड्रायव्हर. डॉक्टर म्हणत होते, परत जाऊ, जनरेटर नीट करून पुन्हा केव्हातरी येऊ. केव्हातरी म्हणजे केव्हा, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून खांबावरच्या तारा बघत फिरला आणि गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. मी शाळेची मुलं रांगेत घेऊन तिथे आलो होतो.

"अम्मा, तुमच्या गिरनीचा करंट आज गाडीला देता का?"

"अन् माझं दळन?"

"दळन कल होता. हम कल नै रहते."

मावशींनी दाराबाहेर बघितलं. डबे येतच होते. "न्या," त्या म्हणाल्या. "पन उद्या बाजार हाय. गिरनी बंद म्हनून बाया शिव्या देतील, त्या तुमी ऐकून घ्या."

"गालियां की आदत है, अम्मा."

मावशींनी मोटार बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. ड्रायव्हरने गाडीतून जाड काळ्या केबलचं वेटोळं काढलं आणि गिरणीच्या मेन स्विचला जोडलं. केबल लांबीला बेताचीच होती, म्हणून गाडी अगदी गिरणीच्या दाराला टेकून उभी करावी लागली. आत जायला वाट उरली नाही. त्यामुळे डब्यांची रांग बाहेर, गाडीच्या दारापासून वेशीकडे लागली. दळायला आणलेले डबेच लोकांनी फोटोच्या नंबराला लावले. ज्वारीचे, बाजरीचे, एखादा गव्हाचा. बाहेर भिंत नव्हती, त्यामुळे 'तिकडं' म्हणायला जागा नव्हती. आमच्या वस्तीचे डबेही जसे आले तसे त्याच रांगेत लागले.

बायको उशिरा आली. आमचा डबा म्हणजे तेलाचा रिकामा डबा, वरून कापून कडी बसवलेला. कडीला तिने जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली होती, ओळखायला. तिने तो रांगेच्या शेवटी ठेवला आणि स्वतः गिरणीच्या भिंतीला टेकून बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिला नंबर एका म्हाताऱ्याचा होता. तो आत गेला, सदरा काढून उभा राहिला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग चष्मेवाले दारात आले. त्यांच्या यंत्रावर एक काटा होता. तो लाल रेघेच्या वर गेल्याशिवाय फोटो उमटत नव्हता, आणि काटा रेघेपर्यंत येऊन परत फिरत होता.

"गावात मोटारी चालू आहेत का?" त्यांनी विचारलं.

गव्हाला शेवटचं पाणी द्यायचे ते दिवस होते. वीज दिवसातून काही तास यायची आणि ती आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. तेवढा वेळ गिरणीतला दिवासुद्धा तांबडा पडायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. वीज म्हणजे अशीच असते, असं आम्ही समजत होतो.

सरपंच तिथेच होते. फोटो होईपर्यंत मोटारी बंद ठेवा असं सांगून त्यांनी कोतवालाला पिटाळलं. कोतवाल मोठ्या आवाजाचा माणूस होता आणि दिलेला निरोप त्याला नेहमी अपुरा वाटायचा. ढोलकं वाजवत तो गावातून आणि मळ्यांच्या कडेने फिरला, त्याचा आवाज आम्हाला लांबून ऐकू येत होता. "फोटोची गाडी आली हो. मोटारी बंद करा हो. फोटो चालू असंल तवर गावात कुनी खोकू नये हो."

रांगेत हसू पसरलं. भिंतीला टेकून बसलेली बायको शेजारणीला म्हणाली, "खोकू नका म्हने. मंग फोटो कशाचा काढून राह्यले?"

मोटारी एकेक करून बंद झाल्या. त्यांचा आवाज कानाला इतका सरावलेला होता की तो आहे हे तो थांबल्यावरच कळलं. वेशीतून बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. ड्रायव्हरने आत डोकावून बघितलं आणि आम्हाला हाताने खूण केली. काटा वर चढला होता.

फोटो सुरू झाले. आतून चष्मेवाल्यांचा आवाज यायचा, "श्वास घ्या. रोखून धरा." बाहेरची सगळी रांग श्वास घ्यायची आणि रोखून धरायची. "सोडा," म्हटलं की सगळे सोडायचे. दवंडी लोकांनी मनावर घेतली होती. एखाद्याला खोकला आलाच तर तो गाडीपासून पळत लांब जायचा आणि तिकडून खोकून परत यायचा. शाळेच्या मुलांना हा खेळ फार आवडला.

रांग अर्ध्यावर आली आणि काटा पुन्हा खाली आला.

चष्मेवाल्यांनी थोडा वेळ वाट बघितली. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. त्यांना संध्याकाळच्या आत पुढच्या गावी पोचायचं होतं. "झाले तेवढे झाले," ते म्हणाले. "बाकीच्यांचे पुढच्या वेळी."

मी बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. ती उठली आणि आपला डबा घ्यायला रांगेकडे निघाली.

"थांब," मी म्हणालो.

"कशाला? त्यायचाच करंट गेला. मी कुठं न्हाई म्हनले."

मला कळलं की आज डबा उचलला तर ती पुन्हा कधी ठेवणार नाही. जालना राहिलं, औरंगाबाद राहिलं, आता हेही राहील, आणि झोळी तशीच लटकत राहील.

मावशी कपाळावर हात धरून मळ्यांकडे बघत होत्या. "ओढ्याच्या हिकडचे समदे हाएत इथं," त्या म्हणाल्या. "पाटील तेवढे दिसत न्हाईत. त्यायची हीर पलीकडं हाय. तिथवर दवंडी जात न्हाई. त्यायनीच आता मोटार लावली असंल." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, "थोडी कळ काढा, साहेबाला सांगा. मास्तर, तुमी जाता का?" बायको डबा तिथेच ठेवून परत भिंतीला टेकून बसली.

ओढा ओलांडून पाटलांच्या मळ्यात जायला फार वेळ लागत नाही. पण मी त्या मळ्यात कधी पाय ठेवला नव्हता. पाटलांचा नातू माझ्या वर्गात होता, तेवढीच आमची ओळख. ते वाफ्याच्या कडेला फावडं घेऊन उभे होते. पाणी अर्ध्या वाफ्यापर्यंत आलं होतं. गहू ओंबीत होता.

"पाटील, मोटार थोडा वेळ बंद करता का?"

"का? शाळेला पानी पायजे?"

"नाही. गिरणीपाशी फोटोची गाडी आली आहे. तिला करंट पुरत नाही."

"तुमी फोटो काढून राह्यले म्हनून मी गहू वाळवू? लगन हाय का कोनाचं?"

"छातीचे फोटो आहेत. आजाराचे."

"कोनाच्या आजाराचे?"

"सगळ्या गावाचे."

"मंग गावाला म्हनावं, माझं पानी झाल्यावर काढा." त्यांनी फावड्याने बांध फोडला आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं. माझ्याशी बोलणं त्यांच्या लेखी संपलं होतं.

मी तिथेच उभा राहिलो. मला वाद घालता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. मला येत होतं ते वाचून दाखवणं आणि समजावून सांगणं. पाटलांना समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. घरातली एक गोष्ट तेवढी होती आणि ती न सांगण्याची शपथ होती.

"माझ्या बायकोचा फोटो राहिला आहे," मी म्हणालो. "तिला दिवाळीपासून ताप येतो. टीबी असेल असं डॉक्टर म्हणतात. आज नाही निघाला तर ती पुन्हा तयार होणार नाही."

हा शब्द मी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारला होता. उघड्या शेतात तो मला वाटला होता त्यापेक्षा लहान ऐकू आला.

पाटील माझ्याकडे बघत राहिले. मग फावडं बांधात रोवून विहिरीकडे गेले. मोटार थांबली. नळातलं पाणी बारीक होत होत आत गेलं.

"हे आधी सांगायचं ना, मास्तर," ते परत येत म्हणाले. "उगंच गाव गाव करून राह्यले." पागोटं डोक्यावर नीट बसवत ते माझ्यापुढे चालायला लागले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"मी बी येतो. मलाबी लई दिसापासून खोकला हाय. घरचे म्हनतात बिडीचा हाय. बघू तरी."

आम्ही वेशीत पोचलो तेव्हा काटा वर आला होता आणि रांग पुन्हा सरकायला लागली होती. पाटलांनी डबा आणला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पायातला जोडा काढला आणि रांगेत शेवटी, आमच्या डब्यामागे ठेवला. मग भिंतीकडे वळून, मळ्यात बोलत होते त्याच आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या मागं नंबर लावला मी. मास्तरनं सांगितलं मला, टीबीचं. घाबरू नका. काढू आपन फोटो."

रांगेतल्या माना भिंतीकडे वळल्या.

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही नीट सांगू शकणार नाही. ती रागावली नव्हती. गर्दीत हात सुटलेलं माणूस जसं बघतं तशी ती बघत होती. मग तिने मान खाली घातली आणि पदर तोंडावर ओढला.

रांग सरकली. पुढच्याने आपला डबा पुढे नेला, त्याच्या मागच्याने आपला. आमच्या डब्याची पाळी आली तेव्हा ती उठली नाही. मी रांगेच्या दुसऱ्या बाजूला, मुलांमध्ये होतो. मी जाऊन डबा सरकवायला हवा होता, पण ती नको म्हणेल आणि सगळ्यांसमोर उठून घरी जाईल अशी भीती वाटली. आमच्या डब्यापुढे मोकळी जागा पडली. पुढचा डबा सरकला की ती आणखी वाढायची. पाटील मागे उभे होते. त्यांनी पुढे जायचं म्हटलं असतं तर त्यांना कोणी अडवलं नसतं. ते गेले नाहीत. जोड्याकडे बघत उभे राहिले.

मावशी गिरणीच्या ओट्यावरून उतरल्या. त्या सरळ रांगेत आल्या, आमच्या डब्याची कडी धरली, डबा उचलला आणि मोकळी जागा ओलांडून पुढच्या डब्याला भिडवून ठेवला. मग पाटलांचा जोडा पायाने सरकवत त्याच्या मागे आणला. "नंबर मोडू नका," त्या कोणा एकाकडे न बघता म्हणाल्या. बायकोला म्हणाल्या, "ऊठ ग. तुझाच हाय आता."

इतक्या वर्षांत मावशींनी आमच्या वस्तीतल्या कोणाच्या भरल्या डब्याला रांगेत हात लावल्याचं मी बघितलं नव्हतं. दळताना त्यांना तो लावावा लागे, पण तो गिरणीच्या आत, सगळ्यांचं दळण झाल्यावर. हे उघड्यावर, गावासमोर झालं. त्या ओट्यावर परत गेल्या आणि पदराने तोंड पुसलं. पुढच्या बाईने आपला डबा अंगाशी ओढून घेतला नाही, हेही मी बघून ठेवलं.

बायको उठली आणि गाडीत गेली.

मी दाराशी थांबलो. ड्रायव्हर केबलपाशी उभा होता, कोणाचा पाय पडू नये म्हणून. "मास्तरसाब, बैठो," तो म्हणाला. मी बसलो नाही.

"श्वास घ्या," आतून आवाज आला. "रोखून धरा."

रांगेतल्या सगळ्यांनी श्वास घेतला. पाटलांनी घेतला, मावशींनी ओट्यावर घेतला, माझ्या वर्गातल्या मुलांनी गाल फुगवून घेतला. ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकही मोटार चालू नव्हती. ती आत खोकली नाही.

"सोडा."

ती बाहेर आली. पायरी उतरताना तिने माझा हात धरला नाही, दाराची कड धरली. "एवढंच?" ती म्हणाली. आणि डबा उचलताना, "एवढ्यासाठी बहिनीला तितक्या लांब नेलं."

घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. डबा डोक्यावर तसाच होता, दळण न झालेला. दारात आल्यावर म्हणाली, "पाटलाला सांगितलं तुमी. आता उद्या बाजारात दवंडी द्या."

"देतो. कोतवालालाच सांगतो."

"त्याला नका सांगू. तो त्यात आनखी काहीबाही घालंल."

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला आणि त्या दिवशी ती परसात गेली नाही. उंबऱ्यावर बसून खोकली. मी पाणी आणून दिलं.

निकाल भोकरदनच्या दवाखान्यात आला. रोग होता, एकाच बाजूला आणि सुरुवातीचा. सुया आणि गोळ्या सुरू झाल्या. औषध दीड वर्ष चाललं, आणि ते मध्येच सोडायचं नाही एवढी एकच गोष्ट मी तिला पुस्तकातून वाचून दाखवली. लपवायचं काही उरलं नसल्याने एक सोय झाली, की गावच तिच्या मागे लागलं. मावशी गिरणीतून ओरडायच्या, "सुई झाली का ग?" पाटलांची गाडी भोकरदनला निघाली की वेशीत थांबायची आणि गडी हाक मारायचा. एका घराने आपला मुलगा काही दिवस शाळेतून काढला होता. पुढे तो परत आला, मी काही विचारलं नाही. पाटलांच्या फोटोत काहीही निघालं नाही. त्यांचा खोकला बिडीचाच होता. याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं असावं. "फुकट जोडा झिजवला," असं ते सांगत फिरायचे.

आता धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलगी टेंभुर्णीहून आली. ती आईला विसरली होती. आजीच्या मागे लपून बघत होती. बायकोने तिला हाक मारली नाही. ती झोळीपाशी जाऊन बसली आणि रिकामी झोळी हलवत राहिली, जणू आत कोणीतरी आहे. बऱ्याच वेळाने मुलगी बघायला आली की आत कोण आहे.

गिरणीतली रीत त्या दिवशी बदलली असं मी म्हणणार नाही. पुढच्या दळणाला आमचे डबे भिंतीलगतच होते. पण मावशींचं बोट हळूहळू वर उठेनासं झालं. वस्तीतली एखादी बाई घाईत डबा रांगेत ठेवून जायची आणि तो तिथेच राहायचा. असं होत होत एके दिवशी भिंतीलगत एकही डबा नव्हता. तो कोणता दिवस, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

गाडी पुढेही आली. तेव्हा तिचा जनरेटर नीट झालेला होता आणि त्याचा आवाज अख्ख्या गावात ऐकू जायचा. तिला आमच्या विजेची काही गरज नव्हती. तरी गाडी वेशीत शिरली की मळ्यांतल्या मोटारी बंद व्हायच्या, ओढ्यापलीकडचीसुद्धा. चष्मेवाल्यांनी सांगून बघितलं, आता लागत नाही. लोक म्हणाले, असू द्या, तुमचं चालू द्या. रांगेतले लोक श्वासही रोखून धरायचे.

माझी बदली झाली, मग आणखी एक झाली. शेवटी आम्ही जालन्याला घर केलं. मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिची मुलं झाली. बायकोच्या छातीचे फोटो त्यानंतर किती निघाले याचा हिशोब नाही. ती फोटोला कधीच घाबरली नाही. यंत्रासमोर उभी राहिली की तिथल्या पोरींना सांगायची, "आमच्या गावात माझ्या फोटोसाठी समद्या मोटारी बंद केल्त्या." पोरी हसायच्या. त्यांना मोटारी म्हणजे गाड्या वाटायच्या आणि तिने रस्ता अडवला होता असं त्या समजायच्या. ती त्यांना दुरुस्त करायची नाही.

या उन्हाळ्यात ती दवाखान्यात होती तेव्हा एकदा वीज गेली. दिवे क्षणभरही हलले नाहीत. नर्सने सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. बायको छताकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आता कोनाला सांगाया जावं लागत न्हाई." मी म्हणालो, नाही लागत. तिने माझ्या हातावर हात ठेवला. ती वय झाल्याने गेली. छाती शेवटपर्यंत स्वच्छ होती, तसं डॉक्टरांनी मला मुद्दाम सांगितलं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मुलीने घर आवरलं. जुनी भांडी, झिजलेल्या चादरी, मोडका स्टोव्ह तिने बाजूला काढला. तेलाचा डबा हातात घेऊन तिने विचारलं, "बाबा, हा ठेवायचा का?" त्याची कडी एकदा बदलली आहे. चिंधी निळी होती, आता तिला रंग राहिलेला नाही. मी म्हटलं, ठेव.

डबा स्वयंपाकघरात आहे. कोपऱ्यावरच्या गिरणीतून मी ज्वारी दळून आणतो. आठवडाभर पीठ त्यातच असतं.